विमानात ऐकलेला धवला

आमच्या लॅबमधून हल्ली वर्षाला एखादा तरी माणूस परदेशी ट्रेनिंगला जातो, आणि जाण्याआधी चहाच्या वेळी माझ्या टेबलाशी येतो. बॅग किती मोठी घ्यावी, तिकडे थंडी किती, जेवणाचं काय, हे सगळं विचारून झालं की शेवटी हमखास विचारतो, "मॅडम, विमानात इंटरनेट मिळतं म्हणतात. घ्यावं का? पैसे वसूल होतात का?" मी म्हणते, अजिबात घेऊ नका. झोपा, पिक्चर बघा, वर बसून खाली काय चाललंय याची चौकशी करू नका. मी चिक्कू आहे असं त्यांना वाटतं. वाटू दे. मी घेतलं होतं. सगळ्यात महागडं घेतलं होतं, आणि ते एकदाही तुटलं नाही. तुटलं असतं तर बरं झालं असतं.

मी रोह्याला राहते, इथल्याच एका केमिकल कंपनीत नोकरी करते. माहेर पेणकडचं, धरमतरच्या खाडीला लागून असलेलं गाव. बाबा जन्मभर मिठागरावर राबले. आई धवलारीण. धवला म्हणजे आमच्याकडचं लग्नातलं गाणं, पण ते करमणुकीचं गाणं नव्हे. लग्नाच्या दिवशी भटजी येतात, मंगलाष्टका होतात, ते सगळं ठीक. पण आदल्या संध्याकाळी मांडवात बसून धवलारीण आधी गावदेवीला, मग बाकीच्या देवांना आणि मग त्या घरातल्या गेलेल्या माणसांना एकेकाचं नाव घेऊन लग्नाला बोलावते. बोलावणं झालं की मगच नवरीच्या अंगाला हळद लागते. आमच्या पट्ट्यातल्या कितीतरी बायकांना आईनं हळद लावून दिली आहे. त्यातल्या बऱ्याच जणी आता आज्या झाल्या.

बाबांना सूर कशाशी खातात ते माहीत नव्हतं. पण आई गायला बसली की ते तिच्यामागे पितळी तांब्या घेऊन बसायचे. कडव्याच्या शेवटी तिचा आवाज जरा ओढला गेला की तांब्या पुढे करायचे आणि म्हणायचे, "पानी पी गो, घसा सुकंल." प्रत्येक लग्नात, प्रत्येक मांडवात हेच. गावातले पुरुष त्यांची टर उडवायचे, बघा, पानीवाला आला. बाबा हसायचे आणि तांब्या घेऊन बसायचे.

बाबा गेले त्याला दोन वर्षं होत होती तेव्हा दादाच्या मुलीचं लग्न ठरलं. मुलगा जवळच्याच जिते गावचा, चांगला, डोलवीच्या कारखान्यात कामाला. दादाला ही एकच मुलगी. माझा मुलगा आत्तापासूनच सांगतो, मी कोर्टात सही करून मोकळा होणार. म्हणजे आमच्या घरातला हा शेवटचा मांडव. आई त्या लग्नाची वाट बघत होती ती नातीसाठी कमी आणि बाबांसाठी जास्त.

"तुझा बापूस गेल्यापासून घरात मांडव नाय पडला," ती मला म्हणाली. "आता त्याला बोलवायचा हाय. पहिल्यांदा त्याचं नाव घ्यायचंय मला."

मी म्हटलं, मग आत्ताच एकदा ऐकव ना. तर माझ्यावरच डाफरली. "खुळी हायस का? मांडवाबिगर कुनी धवला गातं? मांडव नसताना बोलावलेलं मानूस दारातून उपाशी जातं परत."

त्यामुळे तिचा सराव मुक्यानंच चालायचा. अंगणात पोह्याचे पापड लाटताना तिचे ओठ हलत असायचे. मध्येच लाटणं थांबायचं, डोळे मिटायचे. तेव्हा कळायचं, ही बाबांच्या नावापर्यंत आली.

आणि नेमकं त्याच आठवड्यात मला जर्मनीला जायचं होतं. कंपनीची तारीख हलेना, गुरुजींचा मुहूर्त हलेना. मी साहेबांकडे जाऊन आले, एचआरकडे जाऊन आले, शेवटी घरी येऊन रडले. हळदीच्या दुपारचंच विमान. दादा मात्र शांत होता. दादा असाच. शाळेत असताना मला सायकलच्या दांड्यावर बसवून पेणला न्यायचा, आणि चढावरही उतर म्हणायचा नाही. अजूनही रोह्याहून गाडीनं गेले की पेण स्टेशनवर तोच घ्यायला येतो. तो म्हणाला, "तू जा गो. आता इमानात नेट असतंय. आईचा धवला मी तुला वर ऐकवतो." त्याच्या त्या वाक्यावर मी बॅग भरली.

विमानात शेजारच्या सीटवर आमच्याच प्लांटचे साहेब होते, मूळचे पुण्याचे. मी कार्डाचे आकडे फोनवर टाकत होते तर चष्म्यावरून बघून म्हणाले, "एवढे पैसे? अहो, तेवढ्यात घरी किती महिन्यांचं नेट येईल! आणि व्हिडिओ कॉल चालू देत नाहीत ते लोक." मी म्हटलं, मला व्हिडिओ नको, फक्त आवाज हवा. त्यांनी खांदे उडवले आणि ज्यूस मागवला. गोल चक्र फिरत राहिलं, फिरत राहिलं, आणि एकदम दादाला लिहिलेल्या मेसेजवर दोन टिकमार्क आले. मला इतका आनंद झाला की मी साहेबांना फोन दाखवला.

आमच्या खिडकीबाहेर लख्ख ऊन होतं. सूर्य आमच्याबरोबर पळत होता, मावळायचं नाव नाही. पण पेणला दिवेलागण झाली असणार होती. मी विचारलं, "मांडवात बसली का आई?" दादा म्हणाला, "बसली." मी विचारलं, "कुठली साडी?" त्यावर काही आलं नाही. कामात असेल, म्हटलं. नवरीचा बाप तो.

मग आली ती क्लिप. नुसता आवाज. खाली दादानं लिहिलं होतं, "आत्ताच गायली. फोटो काढायला माणसं मध्ये येतात. डोळे मिटून ऐक."

मी डोळे मिटले. कानात आईचा आवाज भरला, आणि मी रडायला लागले, पण सुखानं. काय आवाज लागला होता! गेले काही महिने तिला दम लागायचा, कडवं अर्ध्यात तुटायचं म्हणून मी काळजीत होते, आणि इथे तर ती ठणठणीत गात होती. मांडवानं हिला बळ दिलं, असं मी मनात म्हटलं. गावदेवी झाली, बाकीचे देव झाले. माझा जीव आता पुढच्या नावाकडे लागला. बाबांचं नाव ती कसं घेते, घेताना आवाज हलतो का, हे मला ऐकायचं होतं. त्यासाठीच तर पैसे मोजले होते.

कडवं संपलं. आईनं श्वास घेतला. आणि मागून अगदी हळू, पण स्पष्ट ऐकू आलं, "पानी पी गो, घसा सुकंल."

क्लिप तिथेच संपली.

खोटं कशाला सांगू, पहिल्या क्षणी माझ्या मनात आलं ते हेच, की बाबा आले. आईनं बोलावलं आणि ते तांब्या घेऊन आले. मग डोकं चालू झालं. बाबा जिवंत असताना चुलत बहिणीच्या हळदीला मीच हे रेकॉर्डिंग केलं होतं. माझ्याच फोनवर. आणि त्याच संध्याकाळी कौतुकानं दादाला पाठवलं होतं. तेच त्यानं मला परत पाठवलं होतं. शेवटपर्यंत ऐकायची तसदी घेतली नव्हती, नाहीतर तेवढं कापलं असतं. किंवा ऐकलंही असेल, पण जिथे उभा होता तिथे त्याला बाबांचा आवाज ऐकूच आला नसेल.

तिथे काय होतं ते मला शेजारच्या घरातल्या बालमैत्रिणीनं सांगितलं. मी तिला एवढंच विचारलं होतं, आई काय करतेय. तिनं बिचारीनं सरळ लिहिलं, "काकी आमच्याकडं बसल्यात टीव्ही बघत. डीजेनं कान दुखतील म्हणून दादा सोडून गेला. धवला नाय ठेवला गो. पाव्हण्यांना तो जुना प्रकार वाटेल, नि पोरांना नाचायला टाइम नाय मिळत म्हणला. तुला नाय सांगितलं?"

नाही. मला नाही सांगितलं. मी ढगांच्या वर होते, कुणाचा हात धरायला खाली पळत येऊ शकत नव्हते, हे दादाला माहीत होतं. त्यानं धवला बंद केला याचा मला राग आलाच. पण मला जास्त लागलं ते वेगळं. नाही होत गो, पोरं ऐकत नाहीत, असं तो म्हणाला असता तर मी भांडले असते, आणि मग गप्प बसले असते. त्यानं माझ्याच हातातली वस्तू मला नवी म्हणून दिली. बाबांचा आवाज माझ्या तोंडावर फेकून मला गप्प केलं. ज्याच्या सायकलवर मी डोळे मिटून बसायचे, त्यानं मला लिहिलं होतं, डोळे मिटून ऐक.

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "अडकतंय का? मी म्हटलं होतं तुम्हाला, वाया जातात पैसे."

मी म्हटलं, "हो सर, अडकतंय."

थोड्या वेळानं दादाचा आणखी एक मेसेज आला. "ऐकलंस? रडवलं ना आईनं सगळ्यांना?" मी त्याला अंगठा पाठवला. महागडं इंटरनेट जोरात चालूच होतं.

उतरल्यावर आईला फोन केला तर ती घाईघाईनं म्हणाली, "व्हय गो, गायले. पुरा गायले. तू जेवलीस का?" तिला तसं बोलायला कुणी शिकवलं असेल हे सांगायला नको. फोनवर नको म्हटलं. समोर बसून विचारायचं असं ठरवलं. तिकडच्या हॉटेलात रोज मनातल्या मनात दादाशी भांडत होते आणि रोज जिंकत होते.

परत आल्यावर पहिल्या रविवारी पेणला गेले. दादा नेहमीसारखा स्टेशनवर आला होता. गाडीवर त्याच्यामागे बसले, पण खांद्याला हात लावला नाही. अंगणातला मांडव उतरला होता. बांबू काढलेल्या जागी खड्डे तसेच होते आणि त्यांच्या मधल्या जागेत आई पापड लाटत बसली होती. ओठ हलत नव्हते.

मी तिच्याजवळ बसले. दादा ओटीला टेकून उभा होता. मी म्हटलं, "आई, बाबांना बोलावलंस ना मांडवात?"

"बोलावला ना," ती म्हणाली. हात चालूच.

"मग दादानं पाठवलेल्या क्लिपमध्ये त्यांचं नाव का नाही?"

तिनं पुढची लाटी घेतली. मी फोन काढला. हे मी ठरवूनच आले होते. दादाचं पितळ तिच्यासमोर उघडं पाडायचं, आणि मग तिनं त्याला दोन शब्द सुनवायचे. निदान माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडायचं. मी आवाज पूर्ण मोठा केला. तिचंच गाणं अंगणात सुरू झालं, ते जुनं, न थकलेलं. आई ऐकत राहिली. दादाच्या लक्षात यायला वेळ लागला. मग तो भिंतीकडे बघायला लागला. गावदेवी झाली, देव झाले, कडवं संपलं, आणि बाबा म्हणाले, "पानी पी गो, घसा सुकंल."

लाटणं थांबलं. दादानं मान खाली घातली. क्लिपच्या शेवटी काय आहे ते त्यानं पहिल्यांदाच ऐकलं, एवढं मला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं. आता आई बोलेल म्हणून मी थांबले.

"बघ," आई म्हणाली. "मी सांगत नव्हते? बोलावला, नि आला."

"आई, हे जुनं आहे. तुला माहीत आहे हे जुनं आहे."

"आला ना पन?" तिनं माझ्या डोळ्यांत बघून विचारलं. आई खोटं बोलताना कधी माझ्याकडे बघत नाही. त्या दिवशी बघत होती, आणि मला कळलं की ही आता बधायची नाही. लेकीला काय, रोह्याची गाडी आहे. हिला याच घरात दादाबरोबर राहायचं होतं. मग ती दादाकडे वळली. "उभा काय ऱ्हायलास? बहिणीला चा टाक."

दादा आत गेला. ती पुन्हा लाटायला लागली. माझ्याकडे बाबांचा आवाज एवढा एकच साक्षीदार होता, आणि तोसुद्धा तिनं माझ्या देखत उचलून दादाच्या बाजूला बसवला.