तांबड्याला लावलेलं चंदन

माझ्या मामाकडे जमीन होती तोवर त्याला झोप होती. विमानतळाला जमीन गेली, बंगला उठला, दारात दोन गाड्या आल्या आणि झोप गेली ती गेलीच. उलव्याजवळच्या त्याच्या गावात आता माणसांपेक्षा क्रेन जास्त. त्या गर्दीतही मामाने गोठा मात्र राखला होता. गोठ्यात शर्यतीचे दोन बैल. पांढरा म्हणजे रिटायर झालेले मास्तर. तांबडा असा तापट, की गोठ्यातली माशीसुद्धा त्याला विचारून बसायची.

आदल्या शर्यतीत तांबडा छकड्यासकट वडापावच्या स्टॉलमध्ये घुसला होता. त्याच्या आधीच्या वेळी तर निशाण पडल्यावर उलटा फिरला आणि उद्घाटनाच्या पाहुण्यांमागे लागला. पाहुणे खारघरला जाऊन थांबले म्हणतात. खरं तर त्या दिवशीचा पहिला नंबर त्यांचाच.

मग मामाने देवळासमोर नारळ ठेवून जाहीर केलं, "या टायमाला तांबड्यानं सगल्यांच्या आदी रेघ नाय वलांडली, तर घाटावरच्या व्यापाऱ्याला देऊन टाकीन!"

मामीचं अन्नपाणी सुटलं. तांबड्याची आई तो जन्मला तेव्हाच गेलेली. मामीने त्याला बाटलीने दूध पाजून वाढवलेलं. तिने मला फोन केला. "पोरी, तू कायतरी कोर्स केलास ना वासाचा? माज्या बाळाला थंड कर गो."

मी खांदा कॉलनीत राहते आणि एका रविवारात अरोमाथेरपिस्ट झालेय. सर्टिफिकेट लग्नाच्या फोटोच्या वर लावलंय. तोवर माझा पेशंट एकच, नवरा. तेल चोळत मी बोलायला लागले की त्याला गाढ झोप लागते. पण ते त्याला तेलाशिवायही जमतं. क्लासच्या बाईंनी बजावलं होतं, चंदनाचं तेल मन शांत करतं, पण तीन-चार थेंबच, तेही खोबरेलात मिसळून.

मामीचा बाटलीवर विश्वास नव्हता. तिच्या घरात चंदन म्हणजे सहाण आणि खोड. देवाला गंध, पोरांच्या घामोळ्यांना लेप, डोकं चढलं की कपाळावर पट्टा.

"उगाळल्याबिगर गुण कसा येल?"

"मामी, अख्ख्या लाकडाचा अर्क असतो यात."

"मंग बाटली येवढी हलकी कशी?"

मी बाटली हातात तोलून पाहिली.

शर्यतीच्या सकाळी मी शास्त्राप्रमाणे चार थेंब खोबरेलात मिसळून तांबड्याच्या कपाळाला लावले, बाटली गोठ्याच्या खिडकीत ठेवली आणि चहाला गेले. मागून मामी आली. पहाटेपासून उगाळलेलं वाडगाभर चंदन तिने त्याच्या मानेपासून शेपटीपर्यंत थापलं, भिंतीला गिलावा करावा तसं. मग आला मामा. "बैलाला काय ब्युटी पार्लरमदी नेताय?" म्हणून आम्हा दोघींना रात्री झापणारा हाच मामा. त्याने आपला हिशेब केला. माणसाला चार थेंब, तर लग्नाच्या पंगतीएवढ्या वजनाच्या बैलाला किती? अख्खी बाटली त्याच्या वशिंडावर रिकामी! तिघांनीही एकमेकांना सांगितलं नाही. हे सगळं नंतरच्या भांडणात बाहेर आलं.

वास असा सुटला की काय सांगू. तिकडे दूर मोरा बंदराच्या जेट्टीवर कोळणींनी बोंबील खाली ठेवले आणि "कुनाकडं पूजा हाय गो?" म्हणून एकमेकींना विचारलं. मी तिथे नव्हते, पण विचारलंच असणार.

मैदानात चार जोड्या. रेघेपलीकडे घाटावरचा व्यापारी हातात दोर घेऊन उभा, त्याच्या शेजारी रडवेली मामी. निशाण पडलं. तीन जोड्या धुरळा उडवत सुटल्या आणि आमची... निघाली. सावकाश. पांढरा तर जुवाखाली झोपेतच चालत होता. तेवढ्यात वारा फिरला. पुढच्या सहाच्या सहा बैलांनी ब्रेक लावला, मागे वळून हुंगलं, आमच्या जोडीला वाट दिली आणि नाक लांब करून मागोमाग चालू लागले. हाकणारे घसा फोडून ओरडत होते, पण बैलांना आता पुढे जायचंच नव्हतं.

माईकवरचा माणूस गांगरला. "आणि तांबडा... सुटला... नाय नाय, चालला! अजून चालतोय! मंडळी, बसून घ्या!"

पुढे बसलेल्या बायकांनी तर पालखी समजून हातच जोडले. रेघ हाताच्या अंतरावर आली आणि तांबडा थांबला. रवंथ करू लागला. मागे सगळी रांग थांबली.

व्यापाऱ्याने तांबड्याला न्यायला दोर उलगडला. मामा तरातरा मैदानात गेला. आता हा बैलाला झोडपणार म्हणून मी डोळे मिटले. उघडले तर मामा तांबड्याच्या तोंडाशी उभा, आणि त्याने ही भली मोठी जांभई दिली. जमीन गेल्यापासूनची पहिली जांभई.

"अवो, झोपताय काय!" मामी पलीकडून किंचाळली. मग तिचा आवाजच बदलला. "ये रे बाळा. ये. दूदू प्यायचा हाय ना?"

तांबड्याने कान हलवले. रेघ ओलांडून तो सरळ तिच्या पदराशी आला आणि तोंड खुपसून उभा राहिला. मामी रडत होती, माईकवाला "पयला नंबर!" म्हणून ओरडत होता, व्यापारी दोर गुंडाळत होता आणि मामा छकड्याच्या चाकाला टेकून घोरत होता.

तांबड्याला आता शर्यतीचं बोलावणं येत नाही. "आमचे बैल बिघडवतो," म्हणतात. विकायचं नावही कुणी काढत नाही, कारण मामाने बाज गोठ्यात हलवलीय. संध्याकाळी मामी सहाण घेऊन बसते. पहिला पट्टा तांबड्याच्या कपाळाला, उरलेला मामाच्या. डोक्यावरून विमान गेलं तरी दोघांपैकी एकाचाही कान हलत नाही.

परवा मी नवी बाटली घेऊन गेले, तर मामीने दारातच अडवलं.

"ती तुज्या नवऱ्याला लाव. आमचं भागतंय."