स्वप्नाला बॉर्डर कशाला?

आमच्या रविवारच्या खोलीत चित्रांपेक्षा किस्से जास्त साठलेत. चित्रांचं काय, जागा कमी पडली की जुन्यावर पांढरा रंग मारून नवं काढता येतं. किश्शाचं तसं नाही. एक सांगितला की त्याच्या मागं दुसरा उभाच असतो, आणि चहावाला कप न्यायला आला तरी आमचं संपत नाही.

खोली सोलापुरातल्या एका चादरीच्या कारखान्यावर आहे. खाली यंत्रमागांचा खडखडाट, वर आम्ही चौघं. मी शाळेत चित्रकला शिकवतो. इक्बालभाई दुकानांचे बोर्ड रंगवतात. व्यंकटेश खालच्याच कारखान्यात चादरींची डिझाईन काढतो. आणि सुशीलाताई सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून रिटायर झाल्यात. चौघंही स्वप्नं रंगवतो. आठवड्यात जे स्वप्न पडलं ते रविवारी कागदावर काढायचं, हा नियम.

ताईंचे यजमान कांबळेभाऊ यांना हा प्रकार मुळीच पसंत नव्हता. "माणसानं झोपेत काय बघितलं ते गल्लीला सांगत फिरू नये," असं त्यांचं म्हणणं. त्यांनी ताईंचं एकही चित्र पाहिलेलं नव्हतं. एकदा तरी येऊन बघावं, एवढीच ताईंची इच्छा. ती त्या आम्हाला दर रविवारी सांगायच्या, भाऊंना मात्र कधीच नाही.

*

स्वप्नांचं खूळ माझंच. एका रविवारी मी सररियलिझमवर लेक्चर झोडलं. युरोपातल्या चित्रकारांनी शहाणपण कसं बाजूला ठेवलं, स्वप्नात दिसतं ते तसंच्या तसं कसं काढलं, नंतरच्या चित्रकारांनी ते कसं उचललं, आज जाहिरातीत मोबाईलमधून धबधबा पडतो तोही त्यांचाच वारसा कसा, सगळं सांगितलं. घसा कोरडा पडला तेव्हा थांबलो.

इक्बालभाई ब्रश पुसत ऐकत होते. म्हणाले, "इसमें नवा क्या है सर? हमारे गिराइकां रोज ऐसाच मंगते. परसों मिठाईवाला आया. बोला, बोर्ड पे शेर होना, लेकिन हंसता हुआ होना, और पंजे में जिलेबी होना."

"मग काढलात?"

"निकाल्या ना. अब बोलता, शेर को चष्मा लगाव, मेरे अब्बा जैसा दिखना."

ज्यावरून परदेशात चित्रकार एकमेकांशी कडाकडा भांडले, ते आमच्या बाजारात ऑर्डर देऊन मिळत होतं! मी लेक्चर आवरतं घेतलं.

*

व्यंकटेशच्या पहिल्या स्वप्नात हत्ती न्हाव्याकडे दाढी करायला बसला होता. मी खूश झालो. पण चित्र बघतो तर डावीकडे एक हत्ती, उजवीकडे त्याच्याकडे तोंड करून तसाच दुसरा, मधे न्हावी, चार कोपऱ्यांत चार कोयऱ्या आणि सगळ्याभोवती झकास बॉर्डर.

"अरे, स्वप्नात हत्ती एकच होता ना?"

"हो सर. पण एकच घेतला तर ती बाजू रिकामी राहते की."

"आणि स्वप्नाला बॉर्डर कशाला?"

त्यानं माझ्याकडं कीव आल्यासारखं बघितलं. "सर, बॉर्डर नसली तर कुठं संपलं ते कसं कळणार?"

पुढच्या रविवारी बघतो तर इक्बालभाई आणि ताई, दोघांनीही कागदाच्या कडेनं चार बोटं बॉर्डर सोडलेली.

*

इक्बालभाईंची अडचण वेगळीच. त्यांना स्वप्नंच पडत नाहीत. "पड्या की सोया," असा त्यांचा हिशेब. ताईंनी नर्सच्या अधिकारानं सल्ला दिला, "रात्री जड खावा, हमखास पडतंय."

त्यांनी सल्ला मनावर घेतला. मटन, कडक भाकरी आणि वर शेंगदाण्याची चटणी, असा बेत हाणला. रविवारी आले ते पोटावर हात ठेवूनच.

"पडलं का स्वप्न?"

"नींदच नै आई, सर."

पण चित्र आणलं होतं. काळ्याकुट्ट अंधारात एक भट्टी पेटलेली आणि तिच्यावर एक बोकड शांतपणे पेपर वाचत बसलेला. मला भरून आलं. बोकडाच्या नजरेत अंतर्मनाची घालमेल कशी उतरलीय, यावर मी बोलायला लागलो. ताईंनी चित्र एकदा नीट बघितलं, पर्स उघडली आणि इक्बालभाईंच्या हातावर ॲसिडिटीची गोळी ठेवली.

*

युरोपातल्या त्या चित्रकारांचा एक खेळ होता. एकानं डोकं काढून कागद दुमडायचा, दुसऱ्यानं ते न बघता धड काढायचं, तिसऱ्यानं पाय. आम्हीही खेळलो. हाताशी व्यंकटेशचा ग्राफपेपर तेवढा होता. ताईंनी डोक्याच्या जागी प्रेशर कुकर काढला, इक्बालभाईंनी मोराचं धड आणि मी बूट घातलेले बैलाचे पाय. व्यंकटेशनं कागद उघडला. त्याला राहवेना, म्हणून त्यानं सगळे चौकोन नीट भरले आणि भोवती बॉर्डर टाकली.

कारखान्यात अशाच ग्राफवरून पुठ्ठ्यांना भोकं पाडतात आणि त्या पुठ्ठ्यांच्या हुकमानं माग नक्षी विणतो. सोमवारी व्यंकटेशनं डिझाईनचा गठ्ठा खाली दिला, त्यात आमचा कुकरमोरही गेला. भोकं पाडणारा चौकोन बघतो, चित्र बघत नाही. आठवड्याभरात मागावरून पुरुषभर उंचीचं वॉलहँगिंग उतरलं.

मालकांनी बोलावलं. व्यंकटेश नोकरी गेली असं धरूनच आत गेला.

"हे काय आहे?"

"सररियलिझम, मालक."

मालकांनी लांबून बघितलं. जवळ येऊन कापड चिमटीत धरून बघितलं. म्हणाले, "मरून कलरमध्ये पण काढ."

त्यातलं एक दुधनीच्या एका आडत दुकानात गल्ल्यामागं लावलंय, असं ऐकतो.

*

खूश झालेल्या मालकांनी एका सुट्टीला खालचा पॅकिंगचा हॉल आम्हाला प्रदर्शनासाठी दिला. ताईंनी त्यासाठी एक नवं चित्र काढलं. सिद्धेश्वर तलाव, आणि भर पाण्यावर उभे राहून कांबळेभाऊ तलावाला इस्त्री करताहेत. अर्धं पाणी कडक, गुळगुळीत. अर्ध्यावर अजून लाटांच्या चुण्या. बदकं कडेला रांगेत थांबलेली. भाऊ दूध आणायलासुद्धा स्वतःच्या हातानं इस्त्री केलेल्या कपड्यांत जाणारा माणूस, आणि चित्रात बनियनवर!

ताईंनी ते भिंतीवर लावलं, काढलं, पुन्हा लावलं. "हे बघितलं तर घरी बोलायचेच न्हाईत," म्हणाल्या. इक्बालभाईंनी चित्रातल्या भाऊंच्या तोंडावर मोठ्या मिशा काढून द्यायची तयारी दाखवली, म्हणजे कुणी ओळखणार नाही.

"नको," ताई म्हणाल्या. "त्यांचंच हाय ते. त्यांचंच दिसू दे." घरी जाऊन त्यांनी धीर करून भाऊंना 'या' म्हणून सांगितलं. भाऊ शर्टावर इस्त्री फिरवत राहिले.

प्रदर्शनाला गर्दी झाली. दुपार कलल्यावर भाऊ आले. पांढरा शर्ट, बाहीवर कडक घडी. जन्म एसटीत कंडक्टरकी करण्यात गेलेला, आवाज असा की नुसतं "जयभीम" म्हणाले तरी अख्खा हॉल वळला. मग ते चित्रासमोर जाऊन उभे राहिले. ताई शेजारी पदराचं टोक पिळत. आम्ही तिघं जवळच एक सरळ असलेलं चित्र पुन्हा सरळ करायला लागलो. मला खरंच भीती वाटत होती.

भाऊंनी लाटांच्या बाजूला बोट केलं. "हे समदं मी एकट्यानंच करायचं?"

"व्हय."

"आन् तू कुटं हायस ह्याच्यात?"

"मी झोपलेय की," ताई म्हणाल्या. "माजं स्वप्न हाय हे. मी जागी झाले तर तुमी बुडाल."

भाऊंनी चित्राकडं बघितलं. ताईंकडं बघितलं. मागं कुकरमोरापाशी व्यंकटेशचे पाहुणे खिदळत होते. भाऊ सावकाश वळले, ओठांवर बोट ठेवलं आणि आम्ही कधी न ऐकलेल्या हलक्या आवाजात सगळ्या हॉलला म्हणाले,

"जरा हळू बोला."