सत्यभामाबाईंचा डबा

मेहकरात बसस्टँडच्या मागच्या गल्लीत सुचिता डबे करायची. रोज दुपारचे अठ्ठावीस. कॉलेजची पोरं, बदलीवर आलेले तलाठी, दुकानांतले नोकर, आणि एकट्या राहणाऱ्या निवृत्त मुख्याध्यापिका सत्यभामाबाई. तिच्या हातच्या बेसनाच्या पातोडीच्या रश्श्याची सगळे वाट पाहायचे. ती स्वतः कधी जेवते, हे मात्र घरात कुणालाच नीट ठाऊक नव्हतं.

ती जेवतच नव्हती म्हणा ना. नणंदेच्या लग्नातले फोटो पाहून कुणीतरी हसलं होतं, तेव्हापासून सहा वर्षं ती या ना त्या डाएटवर होती. कधी नुसतं ताक, कधी काकडी, कधी मोबाईलवर कुणी धाडलेला एकवीस दिवसांचा तक्ता. सकाळी लिंबूपाणी घ्यायचं, शंभरावर पोळ्या लाटायच्या आणि एक तुकडा तोंडात टाकायचा नाही. चार-पाच दिवस निभायचं. मग एखाद्या दिवशी घर रिकामं झालं की हात पोळ्यांच्या टोपलीत जायचा. उभ्या उभ्या, चव न घेता, पोट दुखेपर्यंत ती खात राहायची. नंतर तोंड धुवायचं, पदर नीट करायचा आणि सोमवारपासून आणखी कडक राहायचं ठरवायचं. असे किती सोमवार गेले, तिलाच माहीत.

नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी तक्त्याचा अकरावा दिवस होता. डबे पोचवणारे प्रेमानंदभाऊ लुनावर पहिली फेरी घेऊन गेले होते. सासू जनकाबाई शेजारी बसायला गेल्या होत्या. सुचितानं मीठ पाहायला चमचाभर वरण जिभेवर घेतलं, आणि मग तिला थांबता आलं नाही. टोपलीतल्या उरलेल्या पोळ्या संपल्या, पातेल्यातली भाजी संपली. मग तिनं भरून ठेवलेला एक डबा उघडला. भानावर आली तेव्हा तिच्या हातात रिकामा डबा होता आणि त्याच्या झाकणावर रंगानं लिहिलं होतं, सत्यभामाबाई.

घाईनं कणीक मळावी, दोन फुलके टाकावेत, असं मनात आलं. तेवढ्यात जनकाबाई दारात आल्या. ‘पोळ्या संपल्या कशा?’ असं त्यांनी विचारलं तर काय सांगावं, या धास्तीनं तिनं डबा धान्याच्या कोठीमागं सरकवला आणि गप्प राहिली. प्रेमानंदभाऊ घाईत डबे न मोजताच दुसरी फेरी घेऊन निघून गेले.

दोनच्या सुमाराला फोन आला. बाईंची शेजारीण बोलत होती. “सुचिता, बाईचा डबा काऊन नाई आला आज? त्यायनं जेवणाआधीची इन्सुलिनची सुई टोचून घेतली होती. घामानं वल्याचिंब झाल्या, बोलता येईना. म्या साखरपाणी पाजलं म्हणून निभावलं!”

सुचिताच्या तोंडातून शब्द निघाले ते असे, “म्या तं दिला होता. प्रेमानंदभाऊनं कुठं ठेवला, पायते.”

प्रेमानंदभाऊ परत आले तेव्हा पांढरेफटक पडले होते. “वयनी, एवढी वर्षं झाली, माह्या हातून एक डबा इकडचा तिकडं नाई झाला. आज कसा झाला असंन?” ती भांडी घासत राहिली. संध्याकाळी कृषी केंद्रातून घरी आलेला तिचा नवरा नागसेन म्हणाला, “भाऊचं वय झालं. दुसरा माणूस पाहावं लागंन.”

दुसऱ्या दिवशी सकाळी डब्यांचं काम तसंच टाकून ती बाईंच्या घरी गेली. बाई खुर्चीत बसल्या होत्या. चेहरा उतरला होता.

“बाई, डबा हरवला नाई. म्या खाल्ला.”

बाई म्हणाल्या, “मी काल मरता मरता वाचले, सुचिता.”

“हाव बाई.”

“भूक लागली होती?”

“भूक नाई म्हणता येत. एकदा हात गेला का मले थांबताच येत नाई.” आणि सहा वर्षांत कुणाला न सांगितलेलं सगळं तिनं रडत रडत सांगून टाकलं.

बाईंचा राग गेला नव्हता, पण त्यांनी विचारलं, “काल सकाळपासून पोटात काय होतं?”

“लिंबूपाणी.”

“आणि परवा?”

“काकडी.”

बाईंनी कपाळाला हात लावला. “आधी जाऊन प्रेमानंदला खरं सांग. मग बुलढाण्याला जा. माझी भाची तिथे एका समुपदेशक बाईंकडे जात होती. तिचंही असंच होतं. पत्ता देते.”

प्रेमानंदभाऊंना सांगणं त्याहून जड गेलं. नागसेन, जनकाबाई, सगळे समोर होते. भाऊ खाली मान घालून ऐकत राहिले. “मले वाटलं, माहं डोस्कंच गेलं,” एवढंच ते बोलले, आणि पुढं आठ दिवस कामापुरतं बोलले. जनकाबाई म्हणाल्या, “एवढी भूक होती तं मांगून खायाचं ना वो.” नागसेन बुलढाण्याला तिच्यासोबत गेला.

समुपदेशक बाईंनी तिला ना नवा तक्ता दिला, ना वजन केलं. हा हावरटपणा नाही, आजार आहे, आणि उपाशी राहण्यानं तो बळावतो, असं त्यांनी सांगितलं. दर तीन-चार तासांनी बसून खायचं. आदल्या दिवशी कितीही खाल्लेलं असो, सकाळचं चुकवायचं नाही.

“अन् वजन वाढलं तं?”

“वाढेल किंवा नाही वाढणार. आज मी ते सांगू शकत नाही. आधी जेवण वेळेवर येऊ द्या.”

या उत्तरानं तिला धीर आला नाही, उलट धडकी भरली. पहिल्या आठवड्यात सकाळी आठला दोन पोळ्या पुढ्यात घेतल्या की छाती धडधडायची. सगळ्यात वाईट वेळ अकराची, भरलेले डबे आणि ती, दोघंच घरात. शेवटी तिनंच भीत भीत प्रेमानंदभाऊंना विचारलं, “दुसऱ्या फेरीआधी चहा घ्यायले थांबसान का? मी तवा जेवत जाईन.” भाऊ थांबू लागले. ते बशीत चहा ओतून प्यायचे, ती ताट घेऊन बसायची. हळूहळू ते तिच्याशी पहिल्यासारखं बोलू लागले.

तिसऱ्या आठवड्यात ती घसरली. दुपारी फरसाणाची अख्खी पिशवी संपवली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं सवयीनं लिंबू कापलं, तर जनकाबाईंनी गरम पोळी आणि वांग्याची भाजी पुढं सरकवली. “बुलढाण्याच्या बाईनं काय सांगलं होतं? खाय.” ती रडत रडत जेवली. पुढच्या महिन्यात असं दोनदा झालं, त्याच्या पुढच्या महिन्यात एकदा.

फेब्रुवारीत देऊळघाटला पुतण्याचं लग्न होतं. ती सगळ्यांसोबत पंगतीत बसली. वाढणारी बुंदीचं पातेलं घेऊन समोर आली तेव्हा सुचिताच्या मनात आलं, आत्ता घ्यायची आणि उद्या दिवसभर उपाशी राहायचं. तिनं बुंदी घेतली, वर थोडी भाजी मागून घेतली. परतीच्या बसमध्ये जीव घाबरा झाला होता, पोटावर हात ठेवून ती खिडकीबाहेर पाहत राहिली. नागसेननं दोनदा विचारलं, बरं वाटते ना. तिनं मान हलवली, ती होकाराची का नकाराची, त्याला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता तिनं दोन पोळ्या घेतल्या आणि ओट्यापाशी पाट टाकून खायला बसली.