मागच्या खोलीची भिंत

ग्लेनिस टास्करचा दिवस पहाटे पावणेचारला सुरू व्हायचा. पाचच्या ठोक्याला ती इंग्लंडमधल्या ग्रिम्सबीच्या गोदीवर, मासळीच्या शेडमध्ये, रबरी बूट चढवून टेबलापाशी उभी असायची. तेवीस वर्षं एकच काम. हॅडॉक माशाच्या पाठीच्या काट्यालगत सुरी घालायची आणि मांस अखंड सोडवायचं. काट्याला मांस चिकटून राहिलं तर मुकादमाच्या आधी तीच स्वतःला शिवी हासडायची. सुरी तिची स्वतःची होती. रोज घरी न्यायची, धार लावायची, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही.

बावन्नाव्या वर्षी ती राहत होती ते भाड्याचं घर मालकानं विकायला काढलं. दुसरं घर सापडलं, पण तिथला घरमालक पिंडर पाच आठवड्यांच्या भाड्याएवढी अनामत मागत होता. शेडच्या पगारात भाडं, गॅस आणि वीज भागली की आठवडा संपायचा.

शेजारच्या टेबलावरची बेरिल म्हणाली, "अगं, गावच्या कौन्सिलमध्ये जा. अनामतीऐवजी ते घरमालकाला हमी लिहून देतात."

"या वयात भीक मागू?"

"भीक कसली? टॅक्स भरतेस ना? ताठ मानेनं जा. फक्त आधी अंघोळ कर, तिथल्या खुर्च्या कापडी आहेत."

ग्लेनिस गेली. हमी मंजूर झाली. रोख पैसे नव्हेत, एक कागद. घराचं नुकसान झालं तर कौन्सिल पिंडरला भरपाई देणार आणि ती ग्लेनिसकडून वसूल करणार. एकदा वसुली लागली की पुन्हा हमी नाही. ती राहायला जाण्याआधी कौन्सिलचा माणूस घर बघून, फोटो काढून, प्रत्येक खोलीची नोंद करणार होता.

इथंच ग्लेनिस चुकली. तपासणीच्या दोन दिवस आधी पडदे मोजायला म्हणून तिनं पिंडरकडून चावी घेतली. मागच्या खोलीत खिडकीखालची भिंत बुरशीनं काळी झाली होती. परका माणूस येणार म्हटल्यावर घर घासून ठेवायचं, एवढंच तिला ठाऊक. पडदे राहिले बाजूला. तिनं ब्लीचचं पाणी करून सबंध रविवार भिंत घासली आणि पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले. कामात खोट नव्हती.

मंगळवारी कौन्सिलचे स्केल्टन आले. त्यांनी लिहिलं, 'मागची खोली: भिंत स्वच्छ, नवा रंग.' ग्लेनिसनं खाली सही केली. तिला बरंच वाटलं.

नोव्हेंबरात रंगाला फोड आले. जानेवारीत भिंत पुन्हा काळी झाली. पिंडर बघायला आला आणि त्यानं स्केल्टनच्या नोंदीचा कागदच पुढे धरला.

"बाई, तुम्हाला दिली तेव्हा भिंत पांढरी होती. सही तुमचीच आहे."

"ओल बाहेरून येतेय."

"ओल तुमच्या कपड्यांची. खोलीत वाळत घालता आणि खिडकी उघडत नाही."

"अहो, मी मासळीत काम करते. खिडकी बंद करून माझे कपडे वाळवले तर मीच गुदमरून मरेन."

पिंडर हसला नाही. त्यानं हमीतून भरपाई मागितली आणि घर सोडायची नोटीस देणार असंही सांगितलं. भरपाई मंजूर झाली की हमी गेली. हमी गेली की गावात दुसरं घर तिला कुणी देणार नव्हतं.

गुरुवारी दुपारी मागणीची शहानिशा करायला स्केल्टन आले, पाठोपाठ पिंडरही. ग्लेनिसनं आडपडदा ठेवला नाही.

"रंग मी दिला. तुम्ही यायच्या आधी."

स्केल्टननी पेन खाली ठेवलं. "का, मिसेस टास्कर?"

"घाण घर दाखवायची लाज वाटली."

"घर अजून तुमचं नव्हतं. मी घाणच बघायला आलो होतो."

"आता रचा गोष्टी," पिंडर म्हणाला.

ग्लेनिस स्वयंपाकघरातून सुरी घेऊन आली. पिंडर दाराकडे सरकला.

"घाबरू नका. तुमच्यात सोलण्यासारखं काही नाही."

ती भिंतीपाशी गुडघ्यावर बसली. फुगलेल्या रंगाखाली तिनं पातं आडवं सरकवलं आणि मनगट जराही न उचलता पुढे नेलं. ओल्या भिंतीवरचा पांढरा रंग माशाच्या कातडीसारखा अखंड सुटून आला. खाली काळे डाग होते. डागांखाली पिवळसर रंग लागला. तिनं पातं पुन्हा घातलं आणि तोही सोलला. त्याच्या खाली पुन्हा बुरशी, जुनी, वाळून खडबडीत झालेली.

"पांढरा माझा," ती म्हणाली. "डबा जिन्याखाली आहे. पिवळा कुणी दिला ते यांना विचारा."

स्केल्टननी प्रत्येक थराचा फोटो घेतला. "मिस्टर पिंडर?"

"आधीचे भाडेकरू..."

"तेही कपडे वाळवत होते?"

स्केल्टन मागच्या अंगणात गेले आणि वर पाहिलं. छपराची पन्हाळ मधोमध फुटली होती. तिच्याखालच्या, त्याच खोलीच्या भिंतीच्या विटा शेवाळानं हिरव्या झाल्या होत्या.

भरपाईची मागणी रद्द झाली. नोटिशीचं नाव पिंडरनं पुन्हा काढलं नाही. नवी पन्हाळ मात्र त्यानं जूनपर्यंत रखडवली, तीही कौन्सिलची तीन पत्रं गेल्यावर बसवली.

त्या गुरुवारी निघताना स्केल्टन म्हणाले, "पुढच्या वेळी कुणी तपासायला येणार असेल तर हाताची घडी घालून बसा."

"जमायचं नाही."

हमीला मुदत होती. त्या मुदतीत स्वतःची अनामत जमवायची, असं ठरलेलं. ग्लेनिसनं शनिवारची जादा पाळी धरली. थंडीत बोटं फुटायची, तिथं चिकटपट्टी लावून ती हातमोजे चढवायची. शनिवारचा पगार ती पतपेढीत टाकी आणि घरखर्चाला त्यातलं काही काढत नसे. बेरिल म्हणायची, "एक शनिवार झोपलीस तर गोदी बुडणार नाही." पुढच्या शनिवारी ग्लेनिस पुन्हा टेबलापाशी असे.

तिसऱ्या वसंतात पाच आठवड्यांच्या भाड्याएवढी रक्कम जमली. ग्लेनिसनं ती अनामत म्हणून पिंडरकडे स्वतःच्या नावानं भरली, पावती घेतली आणि कौन्सिलच्या खिडकीवर जाऊन हमीचा कागद परत दिला.