मुलाखतीखाली माझं नाव

आज स्वतःचीच लाज वाटली, म्हणून लिहितेय.

माझी भाची पूजा आमच्या इथल्या बिर्ला नगरच्या मिल-कामगारांवर प्रबंध लिहिते. शेवटी संदर्भांची यादी लागते. पुस्तक, लेख, मुलाखत, प्रत्येकाची नोंद वेगळी. मुलाखतीत सांगणाऱ्याचं नाव हवं. तिनं मागे कुणाचं नाव टाकू विचारलं, तेव्हा मी म्हटलं, "माझंच टाक ना." नाव छापून येईल, एवढाच लोभ.

आज ती यादी मोठ्यानं वाचत होती. शेजारच्या कमलवहिनी बसलेल्या. मिलमध्ये त्या राबल्या. मी त्यांच्याकडून ऐकलेलंच पूजाला सांगितलं होतं, त्यांचं नाव न घेता.

मिलच्या मुलाखतीखाली माझं नाव आलं, तसा वहिनींनी कप खाली ठेवला. "तुम्ही कधी होतात हो मिलमध्ये?"

त्या उठून गेल्या.

पूजाला खरं सांगून माझ्या जागी वहिनींचं नाव घालायला लावलं. वहिनींकडे अजून गेले नाही. शेजारचंच दार आहे. तुम्ही आत जाऊन पहिलं काय बोलला असता?