जाळीमागची लाल तार

त्या दुष्काळात जनावरं छावणीला गेली, सोसायटीचं दूध आटलं आणि दुधाची डिझेल गाडी पाण्याला लागली. मागं टाकी बसवली, एवढाच बदल. तिची देखभाल माझ्याकडं होती. सोलापूरच्या गॅरेजात काम शिकून मी नुकताच गावी परतलो होतो.

थंडीत ती गाडी सहजी सुरू होत नसे. इंजिनात हीटर प्लग होते, माळेतल्या दिव्यांसारखे एकामागून एक जोडलेले. चावी दाबून धरली की ते तापत आणि डॅशबोर्डवर जाळीमागं तारेचं एक वेटोळं हळूहळू लाल होई. लाल झालं की स्टार्टर मारायचा. आमचा ड्रायव्हर त्या वेटोळ्यावर बिडी पेटवायचा. जाळीत त्यानं बिडीच्या टोकाएवढी फट केली होती. सगळेच ड्रायव्हर असं करत, पण याची बिडी गावाच्या डोळ्यांवर यायची. तो बौद्धवाड्यातला, उमरग्याच्या ट्रकांवर क्लीनर राहून गाडी शिकलेला. आल्याआल्या त्यानं ठरवून टाकलं होतं: एक खेप गावाच्या आडात, दुसरी वाड्याच्या हौदात. गावाला ते खुपायचं, पण पाण्यावरून उघड बोलायची सोय नव्हती. म्हणून लोक बिडीवरून बोलत.

पौषात प्लग जळायला लागले. एक जळला की माळ तुटते, सगळेच थंड राहतात. मी नवा घालायचो, थोड्या दिवसांत पुन्हा कुठला तरी जळायचा. मग सकाळी गाडी ढकलायला माणसं गोळा व्हायची आणि घागरींची रांग ताटकळत राहायची. शेवटी एक दिवस सोसायटीचे चेअरमन स्वतःच आडापाशी येऊन उभे राहिले.

मी बल्बची एक वायर इंजिनाच्या लोखंडाला लावली, दुसरी एकेका प्लगच्या टोकाला टेकवत गेलो. ड्रायव्हर चावी दाबून बसला होता. दोन प्लगांपर्यंत बल्ब पेटला, तिसऱ्यापाशी विझला. तो प्लग काढला तर टोक वितळलेलं.

ड्रायव्हर खिडकीतून म्हणाला, "मिस्त्री, आदी बिडी पेटवाया वाट बघावी लागायची. ह्या थंडीत नुसती टेकवली की पेटायची. तार पार पांढरी व्हायची, बल्बावाणी."

मी तिथंच थांबायला हवं होतं. तार पांढरी होते म्हणजे वीज हवी त्याहून जोरात जातेय. सगळं निदान त्या एका वाक्यात होतं. पण मागून कुणीतरी म्हणालं, "घ्या! सोताच सांगतुया. गावाला पानी न्हाय आन ह्याची बिडी कशी झोकात!" लोक हसले.

"काय मिस्त्री?" चेअरमननी विचारलं. "बिडीनंच ना?"

मी म्हणालो, "चावी जास्त वेळ दाबून धरली की प्लग जळतात, अण्णा."

वाक्य खोटं नव्हतं. चेअरमननी खिडकीतून हात घालून चावी काढून घेतली. दुसऱ्या दिवशी त्यांचा भाचा गाडीवर बसला. वाड्याची खेप आता जमेल तेव्हा होऊ लागली.

भाचा बिडी ओढत नव्हता. तरी प्लग जळला.

तेव्हा मी बॉनेट उघडून वायर मुळापासून तपासत गेलो. प्लगांकडं जाणाऱ्या विजेचा जोर कमी करायला वाटेत एक जाड तार असते, तिला आम्ही रेझिस्टन्स म्हणत असू. तिच्या दोन टोकांना साध्या वायरचा तुकडा पिळून जोडलेला होता. पीळ माझ्या हातचा होता. आषाढात रेझिस्टन्स तुटला, सोलापुरात मिळाला नाही, तेव्हा तात्पुरतं म्हणून मीच डायरेक्ट केलं होतं. थंडी पडेपर्यंत हीटर लागलाच नाही आणि मी विसरून गेलो.

नवा रेझिस्टन्स मिळवून बसवला आणि चेअरमनकडं गेलो.

"अण्णा, चूक माझी होती. ड्रायव्हरची नव्हे."

"मग केलंत न्हवं दुरुस्त? झालं तर."

"त्याला परत घ्यायला..."

"भाच्याचा हात बसलाय आता. तुमीबी पोटासाठीच परत आलाव ना हितं?"

मग मी बौद्धवाड्यात गेलो. ड्रायव्हरच्या बायकोनं तांब्याभर पाणी पुढं केलं. मी ते प्यालो. तिच्या घरचं पाणी आपण प्यालो याचा मला तेव्हा मोठेपणा वाटला. खरं तर वाड्यात पाणी का नाही, याचं उत्तर तो तांब्या तोंडाला लावून बसलं होतं.

ड्रायव्हरनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "आडापाशी म्हणलाव न्हवं, बिडीनं जळालं म्हणून? मग तितंच म्हणा. हितं आमी दोघं, आन आमाला तर ठावंच हाय."

"म्हणतो," मी म्हणालो.

सकाळी आडापाशी गेलो. माणसं होती, चेअरमनही होते. कुणीतरी विचारलं, "काय मिस्त्री, झाली का गाडी बरी?"

"झाली," एवढंच मी म्हणालो.

माघ सरता सरता टाकी घेऊन भाचा आणि मी रोजगार हमीच्या कामावर गेलो, तलावाच्या भरावावर. पाण्याच्या रांगेत ड्रायव्हर उभा होता, हात खडीनं पांढरे झालेले. मी त्याच्याकडं पाहायचं टाळलं. टाकी रिकामी होईस्तोवर इंजिन गार पडलं. भाच्यानं चावी दाबून धरली आणि सगळ्यांसमोर ओरडला, "मिस्त्री, काय करून ठिवलाव? तार लाल व्हाया लई येळ लागतुया!"

रांगेतली माणसं माझ्याकडं बघत होती. आडापाशी होती तीच यातली बरीचशी. एवढंच म्हणायचं होतं, की आता बरोबर आहे, आधी चुकलं होतं आणि चूक माझी होती. मी रुमालानं हात पुसत राहिलो.

रांगेतून ड्रायव्हरच बोलला, माझ्याकडं न बघता, भाच्याला. "थांबा वाईच. सोडू नगा चावी. येळ लागतुया तेच बरोबर हाय."

वेटोळं लाल झालं. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. ड्रायव्हरनं घागर उचलली आणि तो भराव चढून गेला.