न्हाय म्हणायचं राहिलं

काम होईल का, असं कुणी विचारलं की दैवशालाच्या तोंडून ‘व्हईल की’ आपोआप निघायचं. सासूनं विचारलं, मुकादमानं विचारलं, शेतमालकानं विचारलं, उत्तर ठरलेलं. अणदूरच्या शिवारात ‘न्हाय व्हत’ म्हणणाऱ्या बाईला दुसऱ्या दिवशी बोलावतंय कोण?

संधिवात मात्र तिला विचारून आला नाही. सकाळी उठावं तर बोटं मुठीत मिटलेली. उन्हं चढली की हळूहळू सुटायची. नवरा गेल्यापासून निराधार योजनेचे पैसे मिळत, ते गोळ्यांतच जिरत. म्हणून रोजगार हमी. तिथं जोडीनं खड्डा मारायचा आणि मापावर मजुरी घ्यायची. एकीचा हात आखडला की दुसरीचीही मजुरी घटते. जोडीदारीण शांताक्का तोंडानं फटकळ, पण इतके दिवस तिनंच दोघींचं माप भरलं. आता तिचीही कंबर धरली होती.

शेवटी रोजगारसेवक महारुद्र म्हणाला, “मावशी, तुमाला पाणी पाजायचं काम देतो. पर डाक्टरचा दाखला आणा. न्हायतर बाकीच्या बाया माज्या अंगावर येतील.”

पाणी पाजायचं! लोकांना तहान लागते ती उन्हं चढल्यावर, तोवर बोटंही सुटतात. दैवशालाचा जीव त्या कामात अडकला.

शांताक्का मजुरी बुडवून तिच्यासोबत दवाखान्यात गेली. रांग इतकी, की नंबर येईस्तोवर दुपार झाली. दैवशालानं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं, केस चापूनचोपून बांधले होते. साहेबापुढं गबाळं कसं जायचं? डॉक्टरही सकाळपासून माणसं तपासून कावलेले.

“मूठ मिटा. उघडा.”

मूठ उघडली. मेली नेमकी तेव्हाच कशी छान उघडली!

“काम होतं का?”

“व्हतंय की, सायेब.”

बोलून गेली आणि मग तिला दाखला आठवला. सकाळचं सांगायला ती तोंड उघडणार, तोच लिहिलेला दाखला हातात पडला आणि पुढचा नंबर पुकारला.

बाहेर शांताक्का तिच्यावर उखडली. “आगं, जल्मभर व्हईल व्हईल करत आलीस, आज एक डाव न्हाय म्हणायला काय झालं हुतं?”

दैवशालाला रडूही येईना. तिला नुसतं कुठंतरी बसावंसं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी महारुद्रनं दाखला वाचला. “ह्यात तर काम करण्यास योग्य लिवलंय, मावशी. म्या काय करू?” त्याचंही खोटं नव्हतं.

खड्ड्यात शांताक्कानं तिचं एकेक बोट सोडवून कुदळीच्या दांड्यावर बसवलं.

“शांताक्का, न्हाय व्हत गं,” दैवशाला म्हणाली. जन्मात पहिल्यांदा म्हणाली.

शांताक्कानं मागं वळून पाहिलं. महारुद्र पलीकडच्या खड्ड्यापाशी हजेरी घेत उभा होता.

“हळू बोल,” ती म्हणाली. “त्यानं ऐकलं तर हे बी जाईल.”